इरल्याखालचा फौजदार

माझ्या नातीच्या कुत्रीला गडगडाटाची भीती वाटते, म्हणून परवा तिच्यासाठी एक जाकीट आलं. घट्ट, छातीला आवळून बसणारं. आभाळ वाजायला लागलं की ते तिला चढवायचं, म्हणजे आपल्याला कुणीतरी धरलंय असं तिला वाटतं, असं डॉक्टरांचं म्हणणं. मी नातीला म्हटलं, "मग तूच धर की. हात काय भाड्यानं दिलेस?" ती हसली आणि मोबाईल बघत बसली. त्यात म्हणे वीज कुठं पडतेय ते दिसतं. मला ते कर्जतच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतूनही दिसतं. राजमाचीच्या अंगाला काळं झालं की माझा उजवा हात अजून आपोआप वाकतो, कुणाची तरी छाती काखेत धरल्यासारखा. तो का वाकतो ते लिहून ठेवायचं म्हणून हे प्रकरण. आधीच सांगते, यात मी कुणाला माफबिफ केलेलं नाही. म्हातारपणी माणसं मऊ होतात म्हणतात. होत असतील. मी झाले नाही.

आमचं घर कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याला. घर नानांचं. नाना म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. बाबा खोपोलीला कंपनीत पाळ्या करायचे, पगार आणून नानांच्या हातावर ठेवायचे आणि नानांसमोर मान वर करून बोलायचे नाहीत. घरात शब्द नानांचा, चूल काकीची आणि राबणं माझ्या आईचं, अशी वाटणी होती. सकाळी तांदळाची भाकरी आणि लसणीची चटणी, दुपारी सुकटीचं कालवण, ओढ्याला चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, मिळाले तर त्यांचा रस्सा. वाढायला काकी बसायची. नांग्या नानांना आणि तिच्या बाळ्याला, पाय बाबांना, आणि रस्सा आई नि मला. दिवसभर घाटात मालगाड्या चढायच्या, त्यांच्या इंजिनांची घरघर डोंगरावर आपटून आमच्या अंगणात यायची. ती घरघर इतकी सवयीची की ती थांबली तरच माणसं मान वर करून बघायची.

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझं डोकं आधी यायच्या ऐवजी पाय आधी आले. आईला त्या वेळी मरणाच्या दारातून परत यावं लागलं, पण तिचं कौतुक कुणी केलं नाही, माझ्या पायांचंच बोलणं झालं. पायाळू माणसावर वीज पडते, हे आमच्याकडं पोराटोरांना ठाऊक. आणि त्याच पायाळूचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण निघते, हेही ठाऊक. त्यामुळं कुणाची पाठ धरली की मला हाका मारत यायचे. मोठे मोठे बाप्ये आमच्या ओटीवर पालथे पडून म्हणायचे, "इंदूबाय, लाव गं जरा पाय. हळू लाव." मी सात वेळा पाय लावायचे. पाय राजीखुशीनं लागला तरच गुण येतो अशी समजूत, म्हणून तेवढ्यापुरती सगळी माझ्याशी गोड बोलायची, कुणी हातावर खडीसाखर ठेवायचं. आणि आभाळ वाजलं की याच पायांना घराबाहेर काढायचे. गरज सरो, वैद्य मरो.

काकीचे कान तिखट. राजमाचीवर ढग नुसता कण्हला तरी तिला ऐकू यायचा. "इंदे, नीघ. आभाळ आलं. घरात लेकरू हाय." लेकरू म्हणजे बाळ्या, माझ्यापेक्षा वर्षभरानं मोठा. मी निघायचे ती अंगणापलीकडच्या गोठ्यात. पण गोठ्यात बैल असायचे, आणि पायाळू पोरीपायी बैलांवर वीज पडली तर काय घ्या? म्हणून आधी बैल सोडून घराच्या पडवीत आणून बांधायचे आणि मग मला गोठ्यात पाठवायचे. बैल जाताना माझ्याकडं बघत जायचे. हसू नका, बघायचे. मी त्यांच्या मोकळ्या दावणीशी शेणाच्या वासात कानांत बोटं घालून बसायचे. पहिल्या पहिल्यांदा आई माझ्याबरोबर आली होती. काकी दारातून ओरडली, "तू तिकडं बसलीस तर भाकऱ्या कोण थापील?" त्यानंतर आई आली नाही. निघताना माझ्या मुठीत गुळाचा खडा द्यायची आणि माझ्याकडं न बघता चुलीपुढं जाऊन बसायची. तिचा मला राग होता. आजही थोडा आहे.

कुत्रा आला तो लोधिवलीकडच्या एका शिकाऱ्याच्या घरचा. नानांना शिकारीचा शौक. भात पोटऱ्यात आलं की डोंगरातून डुकरं उतरायची, रात्रीत शेत लोळवून जायची, त्यामुळं राखणीची ठासणीची बंदूक आमच्या घरी होती आणि ती नानांच्या मिशांइतकीच त्यांची होती. पिल्लाचे पंजे रुंद, जबडा भरदार. नानांनी नाव ठेवलं फौजदार. "बघा तुमी, हा डुकराला कानाला धरून आणील," असं ते गावभर सांगत फिरले. फौजदार होताही तसाच. एकदा भर दुपारी त्यानं ओढ्यात डुकराच्या पिलाला असं कोंडलं की माणसं येईपर्यंत हलू दिलं नाही. फक्त आभाळ वाजलं की फौजदाराची पाटलोण सुटायची. आधी कान मागं जायचे, मग शेपूट पोटाखाली, मग सगळं अंग थरथरायला लागायचं, आणि जिथं फट दिसेल तिथं तो घुसायचा. मालगाडीला मात्र फसायचा नाही. गाडीची घरघर आणि ढगाची घरघर आम्हा माणसांना कधी कधी वेगळी कळायची नाही, त्याला कळायची.

दसऱ्याच्या आधी गावची शिकार निघायची. तिचे वाटे ठरलेले असतात. बंदुकीचा वाटा, माणसाचा वाटा, आणि ज्याचा कुत्रा डुकराला भिडला त्याला कुत्र्याचा वाटा. हा कुत्र्याचा वाटा म्हणजे मान. तो घेऊन माणूस वाजतगाजत घरी येतो. त्या वर्षी नाना फौजदाराला मिरवत घेऊन गेले. डुक्कर उठलं, पहिला बार झाला, आणि बाराचा आवाज ऐकून फौजदार जो सुटला तो थेट घरी. डोंगर उतरून, ओढा ओलांडून, माणसं परतायच्या कितीतरी आधी तो येऊन गोठ्याच्या कोपऱ्यात बसला होता. वाटे घालताना कुणीतरी म्हणालं, "नाना, तुमच्या कुत्र्याचा वाटा घरीच वाढा. फौजदार रजेवर गेलेत." सगळे हसले. नाना त्या दिवशी मटणाचा द्रोण तसाच घेऊन आले, अंगणात ठेवला आणि बैलांची साखळी घेऊन गोठ्यात शिरले. मी आणि आई ओट्यावर तांदूळ निवडत होतो. आईनं एकदाही मान वर केली नाही. नुसती निवडत राहिली, आणि ताटातल्या खड्यांबरोबर चांगले तांदूळही बाहेर टाकत राहिली.

नानांचं एक शास्त्र होतं. ते म्हणायचे, "सवय नाय म्हणून भितो. सवय झाली का कायबी वाटत नाय. काट्यानं काटा काढायचा." मग सवय लावणं सुरू झालं. फौजदार खायला बसला की नाना मागून येऊन त्याच्या डोक्यावर रॉकेलचा रिकामा डबा बडवायचे. फौजदार पळायचा, तर त्याला दोरीनं बांधून बडवायचे. बाळ्याला यात फार मजा यायची, त्यालाही एक डबा मिळाला. थोड्याच दिवसांत फौजदारानं खाणं सोडलं. भाकरी पुढं पडली की तो आधी मागं बघायचा, मग वर बघायचा, आणि उठून जायचा. फासळ्या मोजता येतील असा झाला. नाना म्हणायचे, माज उतरतोय.

तो जेवायचा फक्त गोठ्यात, माझ्या हातून. तिथं आमची गाठ कशी पडली ते सांगते. एका दुपारी आभाळ आलं, बैल पडवीत गेले, मी गोठ्यात गेले, आणि थोड्या वेळानं दाराखालच्या फटीतून फौजदार पोटावर सरपटत आत आला. मी माझी रडत होते, तो त्याचा कापत होता. तो येऊन माझ्या मांडीखाली शिरायला लागला. आता मी बसलेय ती जमिनीवर, मांडीखाली जागा कुठली? तरी तो नाक खुपसून शिरायलाच बघत होता. भिंतीला इरलं टांगलेलं होतं, बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं, लावणीला बायका डोक्यावरून पाठीवर घेतात ते. लावणी संपल्यावर त्याचं काम नसतं. मी ते काढलं, उपडं घातलं आणि आम्ही दोघं त्याखाली शिरलो. आत अंधार झाला. विजेचा लखलखाट दिसेना. राहिला आवाज.

आवाजाचं काय करायचं ते मला हळूहळू कळलं. एक हात छातीखालून घालायचा, दुसरा पाठीवर, आणि मग आपल्या अंगाचं वजन थोडं थोडं त्याच्यावर टाकायचं. चुचकारायचं नाही. चुचकारलं की त्याला वाटायचं, हिलाही भीती वाटतेय. आपला श्वास मात्र सावकाश घ्यायचा, त्याला ऐकू जाईल असा. सुरुवातीला त्याचं काळीज माझ्या तळहातावर धडाधडा आपटायचं. मग त्याचा श्वास माझ्या श्वासामागं यायला लागायचा, मध्येच सुटायचा, पुन्हा यायचा. पुढंपुढं तो गडगडाट चालू असताना माझ्या कुशीत झोपून घोरायलाही लागला. मग मी कमरेला खोचलेली भाकरी काढून त्याला भरवायचे. यात माझं एक काम फुकटात झालं. ज्याला धरायचंय त्याच्यापुढं आपल्याला कापता येत नाही, त्यामुळं माझं कापणं कधी थांबलं ते मलाच कळलं नाही. आभाळ वाजलं की घरात सगळी देवाचं नाव घेत कोंडाळं करून बसलेली असायची, आणि ज्यांच्यावर वीज पडायची होती ती आम्ही दोघं इरल्याखाली भाकरी खात असायचो.

हे फार दिवस लपलं नाही. बाळ्यानं फटीतून बघितलं आणि जाऊन सांगितलं. नाना आले, इरलं पायानं उडवलं. "तरीच म्हटलं. पायाळूच्या संगतीनं नासला कुत्रा." काकी म्हणाली, "दोगंबी सारखीच. एकावर पडंल ती दुसऱ्यावरबी पडंल." नाना म्हणाले, दिवाळीआधी अजून एक शिकार निघणार आहे, तिच्यात कुत्रा उभा राहिला तर राहिला. "नायतर कशाला पोसायचा? गोळी फुकट जाईल तेवढीच." हे त्यांनी माझ्याकडं बघून, सुपारी कातरत सांगितलं. नाना बोलतात ते करतात, हे मला माहीत होतं. तेव्हापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं, शाळेत नव्हतं. फौजदारानं आवाजाला उभं राहायला शिकावं म्हणून मी त्याला माळावर नेऊन लांबून टाळ्या वाजवायचे, मग जवळून, मग थाळी वाजवायचे, हळू, मध्येमध्ये भाकरीचा तुकडा देत. तो शिकत होता. खरंच शिकत होता. आणखी थोडे दिवस मिळाले असते तर शिकला असता, हे मी कोर्टात उभी राहून शपथेवर सांगेन.

ते दिवस मिळाले नाहीत. आश्विनातल्या एका दुपारी आभाळ वेगळंच आलं. वारा पडला, भातावरची पाखरं गप्प झाली, आणि राजमाचीमागून काळंनिळं वर चढायला लागलं. नाना त्याचीच वाट बघत होते. शिकारीतले त्यांचे दोन जोडीदार त्यांनी बोलावून ठेवले होते. शेताच्या मधोमध राखणीचा माळा होता, चार खांबांवरचा. त्याच्या एका खांबाला नानांनी फौजदाराला साखळीनं बांधलं. आधी एकदा मी त्याची दोरी सोडली होती, म्हणून या वेळी साखळीला कुलूप घातलं आणि चावी आपल्या कमरेच्या करगोट्याला बांधली. मग तिघं बांधावरच्या खोपीत जाऊन विड्या ओढत बसले. कुत्र्यानं सगळं आभाळ अंगावर घ्यायचं, वर नाना खोपीतून बार काढणार, म्हणजे एका दिवसात सवय. मला काकीनं नेहमीसारखं गोठ्यात पाठवलं. मी इरलं घालून बसले. पण आत मी एकटीच.

पहिली वीज कडाडली आणि मग मला त्याचा आवाज ऐकू आला. कुत्रा भुंकतो, विव्हळतो, रडतो, ते सगळं मी ऐकलं होतं. हे तसं नव्हतं. तो आवाज मी इथं लिहू शकत नाही, आणि लिहिता आला असता तरी लिहिला नसता. मी उठले, गोठ्याचं दार ढकललं आणि अंगणातून चालायला लागले. काकी दारातून ओरडली, "अगं ए, आत हो. धरा रं तिला कुणीतरी." धरणार कोण? आळीतली सगळी दारात उभी होती आणि मी जवळून गेले तशी एकेक मागं सरकत होती. वीज चमकत असताना पायाळू पोरीला हात लावायचा म्हणजे मरणाला हात लावायचा. आई तेवढी अंगणाच्या कडेपर्यंत आली. तिथं थांबली. तिथपर्यंत आली, हे मी तिच्या बाजूनं लिहून ठेवते.

पाऊस सुरू झाला होता. भातातून वाट काढत मी माळ्याकडं गेले. फौजदारानं खांबाभोवती फिरून फिरून साखळी इतकी आखडून घेतली होती की त्याची मान खांबाला टेकली होती, आणि खांब चावून चावून तोंडातून रक्त येत होतं. मी त्याला काखेत धरलं, पण कुलूप काही निघेना. खोपीतून नाना ओरडत होते, "ए भवाने, जा घरी." मग मी फौजदाराला सोडलं आणि खोपीकडं वळले. मला येताना बघून दोघं जोडीदार विड्या टाकून मागच्या बाजूनं पळाले. एकाची चप्पल चिखलात रुतली, ती त्यानं तशीच सोडली. नाना उठले, बंदूक घेतली, पुन्हा ठेवली, आणि खोपीच्या मागच्या कुडाला पाठ लावून उभे राहिले. डुकराच्या अंगावर जाणारा माणूस. मी आत गेले आणि त्यांचं मनगट धरलं.

तेवढ्यात वीज कडाडली. नाना खाली बसले. बसले म्हणजे पायच गेले त्यांचे. दात वाजायला लागले. "सोड, सोड गं इंदे. मरशील, मलाबी मारशील." मी म्हटलं, "चावी." त्यांना करगोट्याची गाठ सुटेना, हात इतके कापत होते. शेवटी त्यांनी करगोटाच तोडला. चावी माझ्या हातात आली तरी मी मनगट सोडलं नाही. आणखी एक वीज होऊ दिली. मग आणखी एक. त्यांच्या धोतराखालची जमीन ओली झाली, आणि खोपीत पाऊस येत नव्हता. हे मला तेव्हा आवडलं आणि आज लिहितानाही आवडतंय. मग मी गेले, कुलूप काढलं आणि फौजदाराला उचलून घरी आणलं. तो तेव्हा इतका हलका झाला होता की माझ्यासारख्या पोरीला उचलता आला.

बाळ्या आता म्हातारा झालाय. ते शेत त्यानं मुंबईच्या एका माणसाला विकलं, तिथं आता बंगला आहे, आणि माळा होता त्या जागी पोहायचा निळा हौद. मध्ये एका लग्नात भेटला तर म्हणाला, "इंदे, तू तेव्हा नानांचं मनगट धरलं नसतंस ना, तर कुत्रा जगला असता." मी त्याला म्हटलं, "बाळ्या, तुझा डबा अजून ठेवलायस का रे?" तो उठून दुसऱ्या पंगतीला गेला. लोकांना असं वाटतं की क्रूर माणसाला डिवचलं नाही तर तो क्रूर राहत नाही. मी त्या घरात वाढले आहे, मला विचारा.

पळालेल्या जोडीदारांनी आपलं पळणं लपवायला नानांचं कापणं गावाला सांगितलं. बाजारात चहाच्या टपरीवर नाना आले की कुणीतरी आभाळाकडं बघायचं. मला घरात कुणी मारलं नाही. कुणी माझ्या अंगाला हात लावायलाच तयार नव्हतं. माझं ताट गोठ्यात यायला लागलं. बाबा पाळीवरून आले, गोठ्याच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "नानांना हात लावायला नको होता गं तू." बस, एवढंच. माझ्या बापानं त्या सगळ्या प्रकरणात उच्चारलेलं हे एक वाक्य.

मग आभाळ मोकळं झालं. पाऊस गेला, ऊन पडलं, भात पिवळं झालं. ढगाचा एक तुकडा कुठं दिसत नव्हता, आणि ढग नसला की फौजदाराला जगात कुणाची भीती वाटायची नाही. नानांचीसुद्धा नाही. त्यांनी हाक मारली की तो शेपूट हलवत जायचा. असाच एका सकाळी गेला असणार. मी अंगणात भांडी घासत होते. ओढ्याकडून एक धडाका ऐकू आला. मी वर बघितलं नाही, विचार केला नाही, हातातली राख तशीच, मी गोठ्यात पळाले. इरलं काढलं, उपडं घातलं, आणि एक कडा वर धरून बसले, त्याला आत शिरता यावं म्हणून. हात अवघडला तरी कडा धरून होते. मग आई आली. ती गोठ्यात वाकून म्हणाली, "इंदे, ऊठ. तो नाय यायचा." मी म्हटलं, "येतो. बार झाला का तो हितंच येतो." आई माझ्याशेजारी बसली आणि तिनं माझ्या हातातली कडा खाली ठेवली.

ओढ्याच्या काठी त्याला नुसतं टाकून दिलं होतं. मी इरलं नेऊन त्याच्यावर घातलं आणि कडेनं दगड लावले. पुढच्या लावणीला काकीनं ते इरलं घरभर शोधलं.

कापणी सुरू झाली. नाना रागानं काम करायचे, दोघांचा भारा एकट्यानं उचलायचे. तसाच एक उचलताना त्यांची पाठ धरली. चौघांनी खाटेवरून घरी आणलं. कूस बदलता येईना, शिंक आली तर जीव जाई. वैदू झाला, शेक झाला, लेप झाले. शेवटी काकी गोठ्यात आली. माझ्या ताटात त्या दिवशी चिंबोरीची नांगी होती. "इंदू, बाय माझी, पाय लाव जरा. सुगीचं दिवस हायत." मी नांगी फोडून खाल्ली, हात धुतला आणि म्हटलं, "लावते की. आभाळ येऊ दे, मग लावते." काकीनं बाबांना पुढं केलं. बाबा पुन्हा काहीतरी म्हणणार तेवढ्यात आई मध्ये आली. "पोरीची राजीखुशी नाय," आई म्हणाली. "राजीखुशीबिगर गुण येत नाय, तुमीच सांगता ना?" एवढं बोलून ती पुन्हा पाट्याशी जाऊन वाटण वाटायला लागली.

आणि आभाळ आलं. सुगीत येऊ नये तसं, अवकाळी, दिवस मावळायच्या आधी. खळ्यावर भात उघडं पडलेलं, त्यामुळं घरातली झाडून सगळी तिकडं धावली, काकीसुद्धा, बाळ्यासुद्धा. मला गोठ्यात पाठवायला त्या दिवशी कुणी उरलं नव्हतं. मी अंगण ओलांडून घरात गेले. माजघरात नाना खाटेवर पालथे पडले होते. मी उंबऱ्यावर बसले. पहिला गडगडाट झाला तशी त्यांनी मान वळवली आणि मला बघितलं.

त्यांना उठता येत नव्हतं. आधी ओठ हलायला लागले, मग हात, मग सगळं अंग, खाटेची दोरी कुरकुरायला लागली. घामानं मान भिजली. पाठीत कळ उठत होती म्हणून कापणं आवरायचा प्रयत्न करत होते आणि आवरता येत नव्हतं म्हणून कळ उठत होती. "इंदे," ते म्हणाले, "पोरी, बाहेर जा गं. नायतर जवळ तरी ये. कुणीतरी धरा मला." वीज चमकली तेव्हा त्यांचे डोळे दिसले. ते मी ओळखले. कापणाऱ्या जिवाला कसं धरायचं ते सगळ्या गावात मला एकटीला येत होतं. एक हात छातीखाली, एक पाठीवर, अंगाचं वजन थोडं थोडं टाकायचं, श्वास सावकाश. थोड्या वेळात थांबलं असतं.

मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले.

"घाबरू नका नाना," मी म्हटलं. "सवय व्हईल."